व्यसनमुक्तीचे उपचार निवडताना: आधी तपासणी, मग उपचारपद्धती, केंद्र सर्वांत शेवटी

रात्री घरात मोठे भांडण होते, सकाळी कुणीतरी मोबाईलवर जवळचे व्यसनमुक्ती केंद्र शोधतो आणि पहिला फोन लागतो तिथे तीनच प्रश्न विचारतो: किती दिवस ठेवाल, किती पैसे घ्याल आणि न्यायला गाडी पाठवाल का. बहुतेक कुटुंबांची निवड या तीन प्रश्नांवर होते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी पेशंट पुन्हा पिऊ लागला की 'ह्याला काही उपयोग नाही' असा निष्कर्ष निघतो. वास्तविक यात चूक क्रमाची असते. व्यसन सोडताना सर्वांत धोक्याचे असतात ते पहिले चार-पाच दिवस, आणि सर्वांत निर्णायक असते ते केंद्रातून परतल्यानंतरचे वर्ष. मधले केंद्रातले दिवस या दोहोंना जोडतात. त्यामुळे निवड करताना सुरुवात आणि शेवट आधी पाहावा लागतो.

आमच्याच घरात हे उलटे झाले. एका नातेवाइकासाठी केंद्र ठरले, तिथली जागा चार दिवसांनी रिकामी होणार होती, आणि 'तोवर एक थेंबही द्यायचा नाही' असे आम्ही सर्वांनी मिळून ठरवले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना फिट आली. आमचा हेतू चांगला होता, पण रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी अचानक बंद करणे किती घातक असते, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. पुढचे टप्पे त्या अनुभवानंतर शिकलेल्या क्रमानेच लिहिले आहेत.

## १. घरची नोंद

कुठेही फोन करण्यापूर्वी एक वही घ्या आणि दोन-तीन दिवस नोंद ठेवा. काय घेतो, किती घेतो, दिवसाचा पहिला घोट किंवा पहिली पुडी केव्हा, शेवटची केव्हा. 'खूप पितो' हे डॉक्टरच्या उपयोगाचे नसते. 'रोज दोन क्वार्टर देशी, सकाळी सातला सुरू, गेली सहा वर्षे' हे असते. पुढील गोष्टी आवर्जून लिहा:

- सकाळी हात थरथरतात का, घाम येतो का, घेतल्यावरच थांबते का.
- पूर्वी दारू बंद केल्यावर कधी फिट आली होती का, भास झाले होते का.
- झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, गांजा, गर्द (ब्राउन शुगर), एमडी (मेफेड्रोन ही नशेची पूड), सुईने घेतलेले काही.
- मधुमेह, रक्तदाब, कावीळ, रक्ताची उलटी, डोक्याला मार.
- आत्महत्येचे बोलणे किंवा प्रयत्न, संशय, विनाकारण हसणे-बडबडणे.

एकच पदार्थ आहे असे गृहीत धरू नका. दारूबरोबर अल्प्राझोलामसारख्या गुंगीच्या गोळ्या घेणारे अनेक जण असतात, आणि घरच्यांना बाटली दिसते, गोळ्यांची पाने दिसत नाहीत. खिसे, गाडीची डिकी आणि औषधांचा डबा शांतपणे पाहून घ्या.

सावधान: या काळात दारू किंवा गोळ्या घरच्या घरी अचानक बंद करू नका. डॉक्टरची भेट होईपर्यंत पेशंट एकटा राहणार नाही, गाडी चालवणार नाही आणि काहीतरी खाईल, एवढेच पाहा.

## २. वैद्यकीय तपासणी आणि पहिल्या चार दिवसांचा धोका

दुसरा टप्पा मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याचा आहे. खासगी दवाखाना परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग, किंवा ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांची ओपीडी आहे. कुठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ या टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) क्रमांकावर किंवा १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येते.

या भेटीत एकाच प्रश्नाचे स्पष्ट उत्तर घ्यायचे असते: हा पदार्थ बंद केल्यावर शरीर काय करील? उत्तर पदार्थानुसार बदलते, आणि सगळी निवड त्यावर अवलंबून असते.

दारू. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि निद्रानाश सुरू होतो. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत अधिक असतो. त्यानंतर, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान, काहींना भास होतात, वेळ-काळाचे भान सुटते, ताप चढतो, नाडी वेगाने धावते. ही अवस्था जिवावर बेतू शकते. घरचे ती 'बाहेरची बाधा' समजून मांत्रिकाकडे नेतात किंवा 'नाटक करतोय' म्हणून खोलीत कोंडतात. दोन्हींत मौल्यवान तास जातात. योग्य औषधे, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम यांसारख्या गोळ्यांचा ठरावीक आणि रोज कमी होत जाणारा डोस, दिली तर हा काळ बहुतेकांचा सुखरूप पार पडतो. ज्याला पूर्वी एकदा फिट आली आहे त्याला पुढच्या वेळी धोका जास्त असतो, म्हणून जुनी माहिती लपवू नका.

गावाकडे नेहमी होणारी आणखी एक चूक येथे सांगितली पाहिजे. अशक्तपणा आला म्हणून ग्लुकोजची बाटली लावली जाते. अनेक वर्षे पिणाऱ्या आणि नीट न जेवणाऱ्या माणसाच्या शरीरात थायमिनची, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाची, कमतरता असते. थायमिन न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो. सलाईन लावण्यापूर्वी 'हे रोज दारू पितात' हे डॉक्टरांना मोठ्याने, नर्ससमोर सांगा.

झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या. यांतही अचानक बंद केल्यास फिट येऊ शकते. यांचा डोस आठवडे, कधी महिने घेऊन हळूहळू उतरवावा लागतो.

गर्द आणि अफूच्या कुळातले इतर पदार्थ. यातल्या त्रासाला वापरणारे 'टर्की' म्हणतात. अंगदुखी, जुलाब, नाक-डोळे वाहणे, तळमळ असा हा त्रास असह्य असतो, पण धडधाकट माणसात तो सहसा प्राणघातक नसतो. खरा धोका नंतर येतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते, आणि माणूस बाहेर आल्यावर जुन्याच मात्रेत घेतो, तेव्हा श्वास थांबून मृत्यू होऊ शकतो.

गांजा आणि एमडी. यांना पर्याय म्हणून देता येईल असे सर्वमान्य औषध नाही. येथे समुपदेशनावर भर असतो. एमडी थांबवल्यावर येणारी खोल उदासी आणि आत्महत्येचे विचार यांवर मात्र बारीक लक्ष हवे.

तपासून पाहा: भेटीनंतर तुमच्याकडे लेखी निदान, विथड्रॉवलचा (नशा बंद केल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासाचा) धोका कमी की जास्त याचे उत्तर, आणि यकृत, साखर, रक्ताच्या सर्वसाधारण तपासण्या व आवश्यक असल्यास ईसीजी यांचे अहवाल असावेत. सुई वापरली असेल तर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्याही हव्यात. हे हातात नसताना केंद्राला फोन करू नका.

## ३. उपचाराचा प्रकार ठरवणे

सगळ्यांनाच दाखल करावे लागत नाही. घरात साथ आहे, नोकरी टिकून आहे, पूर्वी फिट नाही, मोठा आजार नाही, अशा व्यक्तीचे उपचार ओपीडीतूनच, घरी औषधे आणि आठवड्याला समुपदेशन अशा पद्धतीने होऊ शकतात. दाखल होण्याच्या लाजेपोटी उपचारच न घेणाऱ्यांसाठी ही वाट फार मोलाची आहे.

विथड्रॉवलचा धोका जास्त असेल तर आधी रुग्णालय आणि मग केंद्र, हा क्रम पाळा. पहिला आठवडा-दहा दिवस रुग्णालयाचे काम असते. ज्या केंद्रात रात्री डॉक्टर नाही, त्या केंद्रात जास्त धोक्याचा पेशंट पहिल्याच दिवशी पोहोचवणे म्हणजे जीव पणाला लावणे होय.

निवासी केंद्र कुणाला लागते? ज्याचे घरच पिण्याचे ठिकाण आहे, ज्याचे ओपीडीचे प्रयत्न दोन-तीनदा फसले आहेत, ज्याला रोजच्या वर्तुळातून बाहेर काढल्याशिवाय विचार करायला उसंत मिळत नाही. पुण्यातील मुक्तांगणसारख्या केंद्रांचा निवासी कार्यक्रम सुमारे पाच आठवड्यांचा असतो. इतरत्र एक ते तीन महिनेही असतो. दिवसांच्या आकड्यापेक्षा उपचाराशी संबंध एकूण किती महिने टिकतो हे पाहा. निवास आणि पाठपुरावा मिळून तीन महिन्यांहून कमी काळाचा परिणाम फारसा टिकत नाही, असाच या क्षेत्रातला अनुभव आहे.

गर्दच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन या पर्यायी औषधांवर दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत आहे, आणि सरकारी केंद्रांतून ती मिळते. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असा आक्षेप घेऊन घरचे हे उपचार मध्येच तोडतात. कृपया असे करू नका. हे औषध डॉक्टरच्या देखरेखीखाली, मोजक्या मात्रेत दिले जाते. त्याने तळमळ थांबते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि अतिमात्रेने मरण्याचा धोका कमी होतो.

सावधान: 'पेशंटला न कळता जेवणातून द्या, दारू सुटेल' अशा जाहिरातींच्या पुड्या घेऊ नका. अशा पुडीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध असू शकते, आणि ते घेतलेले असताना दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, धाप, उलट्या, रक्तदाब कोसळणे असे घडते आणि हृदयविकार असलेल्याचा जीव जाऊ शकतो. ते पेशंटच्या संमतीने, त्याला पूर्ण माहिती देऊन आणि डॉक्टरच्या सल्ल्यानेच द्यायचे असते. वर्षानुवर्षांचा विश्वास एका चमच्यात घालवून नंतर समुपदेशन कशाच्या जोरावर करणार?

## ४. फोनवरची चाळणी

आता तीन-चार केंद्रांची यादी करा. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी एकात्मिक पुनर्वसन केंद्रे यादीत असू द्या. फोनवर प्रश्न थोडेच विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का आणि तिचा क्रमांक काय, मनोविकारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतात, रात्री दोन वाजता फिट आली तर कोण काय करते, घरच्यांना पहिली भेट केव्हा, सुट्टीनंतरचा पाठपुरावा किती महिने आणि कोण करते.

पुढीलपैकी काहीही ऐकू आले तर ते नाव खोडा: शंभर टक्के गॅरंटी, सगळ्या व्यसनांवर एकच औषध, तीन महिने फोन-भेट बंद, पूर्ण रक्कम आगाऊ आणि परत नाही, चार माणसे पाठवून रात्री घरातून उचलून नेण्याची सोय. शेवटच्या गोष्टीचा थकलेल्या घरच्यांना मोह पडतो, हे मला ठाऊक आहे. पण जो माणूस हातपाय धरून नेला जातो, तो उपचाराची सुरुवातच मनात सूड धरून करतो.

## ५. प्रत्यक्ष भेट

पेशंटला न नेता, शक्यतो घरातल्या दोघांनी, न कळवता जा. कार्यालयात चहा पिऊन परत येऊ नका. राहण्याची खोली, संडास, स्वयंपाकघर आणि औषधांचे कपाट दाखवा म्हणा. नकार मिळाला तर तेच उत्तर समजा.

पाहण्याच्या गोष्टी साध्या आहेत. एका खोलीत किती माणसे झोपतात? बाहेर जाण्याचा दुसरा रस्ता आहे का, की एकाच जाळीच्या दाराला कुलूप आहे? औषधे प्रत्येकाच्या नावाने, डॉक्टरच्या चिठ्ठीसह आहेत, की एकाच डब्यातून सगळ्यांना वाटली जातात? दिवसाचे वेळापत्रक भिंतीवर आहे का, आणि त्या वेळी खरोखर तेच चालू आहे का? समूहसत्राची वेळ असताना सगळे टीव्हीसमोर बसलेले किंवा मालकाच्या बांधकामावर विटा वाहत असतील, तर तो उपचार नाही.

शक्य असेल तर दोन-तीन पेशंटांशी कर्मचाऱ्यांच्या गैरहजेरीत बोला. 'इथे चुकल्यावर काय होते?' एवढेच विचारा. समजावतात, सत्र घेतात, डॉक्टरना दाखवतात, असे उत्तर आले तर ठीक. पेशंट आधी दाराकडे पाहून मग बोलू लागला तर सावध व्हा. मार, उपाशी ठेवणे, साखळी, मुंडण या सगळ्याला 'शिस्त' हे नाव दिले जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार पेशंटला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे, आणि हा कायदा दारू व मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांनाही लागू होतो.

व्यसनातून बाहेर पडलेले कार्यकर्ते असणे ही केंद्राची मोठी ताकद असते, कारण पेशंटची पळवाट त्यांना बोलण्याआधी कळते. मात्र तेच डॉक्टर, तेच नर्स आणि तेच पहारेकरी असतील तर ती कमतरता आहे. प्रशिक्षित समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ आणि परिचारिका यांची नावे व कामाच्या वेळा विचारून घ्या.

स्त्री पेशंट असेल तर स्वतंत्र राहण्याची जागा आणि स्त्री कर्मचारी यांविषयी तडजोड करू नका. गर्भधारणेची तपासणी आधी करून घ्या, कारण औषधे त्यानुसार बदलतात. अठरा वर्षांखालील मुलाला प्रौढांच्या खोलीत ठेवणारे केंद्र लगेच नाकारा.

तपासून पाहा: उदासी, स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखा आजार व्यसनाबरोबर असेल, तर दोन्हींचे उपचार एकाच वेळी तिथे होतात का? 'आधी व्यसन सोडवू, मग बाकीचे बघू' हे उत्तर पुरेसे नाही.

## ६. कायदा, कागद आणि पैसा

दाखल होण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. पेशंट स्वतः सही करून दाखल झाला तर तो स्वतः सुट्टी मागू शकतो. स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याचा धोका असेल, किंवा स्वतःची काळजीच घेता येत नसेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या, कायद्याने मान्य माणसाच्या) अर्जावर, एक मनोविकारतज्ज्ञ आणि आणखी एक पात्र व्यावसायिक यांनी स्वतंत्रपणे तपासल्यानंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येते. त्यापुढे ठेवण्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे. केवळ घरच्यांच्या सहीवर सहा महिने कोंडून ठेवण्याची तरतूद नाही. कोणत्या मार्गाने दाखल केले हे विचारा आणि कागदाची प्रत घ्या. तक्रार असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येते.

पोलिसांच्या भीतीने गर्द किंवा एमडी घेणारी मुले उपचारापासून दूर राहतात. स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचारासाठी आलेल्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ अमली पदार्थविषयक कायद्यात आहे. उपचार अर्धवट सोडल्यास ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. गुन्हा नोंदला गेला असेल तर आधी वकिलाशी बोला.

विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बहुतेक आरोग्यविमा पॉलिसींत दारू व मादक पदार्थांच्या व्यसनावरील उपचार वगळणारे कलम असते. खर्चाचा अंदाज करताना औषधे, तपासण्या, रुग्णालयात हलवावे लागल्यास येणारा खर्च आणि वर्षभराचा पाठपुरावा धरा. निवासावर सगळे दागिने मोडून पाठपुराव्याला बसभाडेही न उरलेली घरे मी पाहिली आहेत. अशा वेळी स्वस्त निवास आणि खात्रीचा पाठपुरावा हीच निवड बरोबर ठरते.

## ७. दाखल करण्याचा दिवस

खोटे सांगून नेऊ नका. 'देवाला जाऊ', 'पोटाची तपासणी करू' असे सांगून नेलेला पेशंट दारात पोहोचताच घरच्यांवरचा विश्वास गमावतो. सकाळी, नशा कमी असताना, त्याचा राग पत्करू शकेल अशा एकाच माणसाने बोलावे; दहा नातेवाइकांची पंचायत भरवू नये. आदल्या दिवशी 'शेवटची पार्टी' नको आणि अचानक बंदीही नको.

नोंदवही, अहवाल, चालू औषधे आणि ओळखपत्र सोबत न्या. शेवटचा घोट किंवा पुडी कोणत्या वेळी घेतली हे दाखल करणाऱ्याला सांगून कागदावर लिहून घ्यायला लावा. पुढच्या चार दिवसांचे औषध त्या वेळेवरून ठरते.

दाखल केल्यावर आपले काम संपले असे समजणे ही सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. कुटुंबासाठीच्या सत्रांना जाणे हा उपचाराचाच भाग आहे. पत्नीला किंवा आईला एकटीला पाठवू नका; जो भाऊ पैसे देतो आणि जो मामा 'एखादा पेग चालतो' म्हणतो, त्यांनाही न्या.

## ८. सुट्टीच्या आधी ठरवायचे वर्ष

सुट्टीच्या किमान आठवडाभर आधी पेशंट, समुपदेशक आणि घरचे यांनी एकत्र बसून कागदावर योजना लिहावी. पाठपुराव्याच्या तारखा पहिल्या तीन महिन्यांत दाट असाव्यात. नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट यांसारखे ओढ कमी करणारे औषध असेल तर ते कोण देणार आणि संपण्याआधी कोण आणणार, हे नावासह लिहा. जवळची अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची (दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाची) सभा कोणत्या वारी आहे हे शोधून ठेवा. ती विनामूल्य असते आणि घरच्यांसाठी अल-अॅनॉन असते.

मग रोजचे तपशील. कामावरून परतताना गुत्त्यावरून जाणारा रस्ता बदलता येईल का? पगाराचे पैसे पहिले काही महिने कुणाकडे, आणि ते पेशंटच्या संमतीने का? उधारी मागायला येणाऱ्यांशी कोण बोलणार? गटारी, धुळवड, विसर्जन मिरवणूक, ३१ डिसेंबर, मित्राची हळद, निवडणुकीच्या रात्री, या तारखा दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून ठेवा आणि त्या दिवशी कुठे असायचे ते ठरवा. माळ घातली, शपथ घेतली तर तिचा आदर ठेवा, पण त्या भरवशावर औषध आणि सभा बंद करू नका. 'आता सुधारलाय, लग्न लावून देऊ' हा विचार तर पहिले वर्षभर मनातही आणू नये. त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचे आयुष्य पणाला लागते.

गर्द घेणाऱ्याच्या घरच्यांनी सुट्टीनंतरचे पहिले आठवडे विशेष जपावेत. उठवूनही उठत नाही, श्वास मंद आहे, ओठ निळसर आहेत असे दिसल्यास १०८ ला फोन करा, कुशीवर वळवा आणि काय घेतले ते रुग्णवाहिकेतल्या लोकांना खरे सांगा.

घसरण झाली तर काय करायचे, हेही योजनेत आधीच लिहिलेले असावे, कारण त्या रात्री कुणाचे डोके ठिकाणावर नसते. एका दिवसाची घसरण असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी समुपदेशकाला फोन करून पुढची भेट अलीकडे ओढा. लगेच पुन्हा महिनाभर दाखल करण्याची गरज बहुधा नसते. पेशंट डायसल्फिराम घेत असताना प्यायला असेल तर मात्र थेट रुग्णालयात न्या. सलग अनेक दिवस पिणे झाले असेल तर पुन्हा घरात दारू तोडू नका. तीच वही काढा, शेवटच्या घोटाची वेळ लिहा आणि दुसऱ्या टप्प्यापासून सुरुवात करा.